क्लासिकल गिटार घेताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पुण्यात क्लासिकल गिटार शिकवते. पहिल्या भेटीत मुलांचे पालक आणि मोठेपणी शिकायला येणारी मंडळी जवळजवळ तेच ते प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून काढली. यात माझी मतं आहेत आणि ती मी लपवलेली नाहीत. घाईत असाल तर स्केल, टॉप आणि तारांची उंची एवढे तीन प्रश्न आधी वाचा.

क्लासिकल गिटार म्हणजे गिटारीवर राग वाजवायचे का?

आपल्याकडे हा प्रश्न पडणं स्वाभाविक आहे. "शास्त्रीय" म्हटलं की आपल्याला यमन आणि भूप आठवतात, आणि गिटारीवर हिंदुस्तानी संगीत वाजवण्याची परंपराही आपल्याकडे आहे. ब्रिजभूषण काब्रा आणि विश्वमोहन भट्ट ही त्यातली मोठी नावं. पण ते वाद्य मांडीवर आडवं ठेवून, पोलादी तारांवर कांडी सरकवत वाजवतात.

इथे मी लिहिते आहे ते स्पेनमध्ये घडलेल्या वाद्याबद्दल. तारा नायलॉनच्या, डाव्या मांडीवर उभं धरायचं आणि उजव्या हाताच्या बोटांनी, नखांनी छेडायचं. त्याचा आजचा आकार मुख्यतः आंतोनियो दे तोरेस (१८१७–१८९२) या अंदालुसियातल्या कारागिराने रुळवला.

दुकानातली एक गंमत लक्षात ठेवा. आपल्याकडे हवाईयन गिटारीपासून वेगळी ओळखता यावी म्हणून कुठल्याही उभ्या धरायच्या गिटारीला "स्पॅनिश" म्हणायची जुनी सवय आहे. "स्पॅनिश गिटार द्या" म्हणालात तर पोलादी तारांची गिटारही हातात पडेल. "नायलॉन तारांची क्लासिकल" असं स्पष्ट सांगा.

घरात दादाची अकूस्टिक गिटार आहे. तिच्यावरच नायलॉनच्या तारा लावल्या तर?

चालणार नाही. त्या गिटारीचा टॉप, म्हणजे पुढची फळी, पोलादी तारांचा ताण पेलण्यासाठी जाड आणि कडक केलेला असतो. सहा पोलादी तारांचा ताण सत्तर किलोच्या पुढे जातो, तर नायलॉनच्या तारांचा सगळा मिळून चाळीसच्या आसपास असतो. एवढ्याशा ताणाने तो जाड टॉप नीट हलतच नाही आणि आवाज मेल्यासारखा येतो. उलट प्रयोग तर कधीच करू नका. क्लासिकल गिटारीवर पोलादी तारा चढवल्या की ब्रिज (टॉपवर चिकटवलेली, तारा बांधायची लाकडी पट्टी) उचकटतो, नाहीतर टॉप फुगून वर येतो.

शिवाय नेकची, म्हणजे गिटारीच्या लांब दांड्याची, रुंदी वेगळी. क्लासिकल गिटारीचा नेक नटापाशी (वरच्या टोकाला तारा ज्या खाचांतून जातात ती पट्टी) साधारण ५२ मिमी असतो, अकूस्टिकचा ४३–४४. उजव्या हाताची बोटं प्रत्येक तारेला स्वतंत्रपणे जाऊन भिडायची असतील तर ही जागा लागते. सुरुवातीला नेक पाट्यासारखा रुंद वाटतो, पण महिन्याभरात हाताला सवय होते.

स्केल म्हणजे काय? माझे हात लहान आहेत, त्याने फरक पडेल का?

पडेल, आणि हा मुद्दा दुकानात सहसा कोणी काढत नाही. नटापासून सॅडलपर्यंत (ब्रिजवरची, तारा टेकतात ती पट्टी) तारेची जी वाजणारी लांबी, तिला स्केल म्हणतात. प्रौढांच्या गिटारीचं नेहमीचं माप ६५० मिमी. १९६० च्या दशकात माद्रिदच्या होसे रामिरेझ तिसरे यांनी ६६४ मिमीच्या गिटारी केल्या. आंद्रेस सेगोव्हिया या विख्यात स्पॅनिश वादकाने त्या वाजवल्या आणि जगभर त्यांची चलती झाली.

मीही त्या मोहात सापडले होते. शिकायला लागल्यावर चौथ्या वर्षी ६६४ ची एक जुनी गिटार चांगल्या भावात मिळाली. आवाज भरदार होता, खर्जातल्या तारा तर पोटात घुमायच्या. दोन वर्षं ती वाजवली आणि डाव्या हाताच्या करंगळीखालचा स्नायू कायमचा दुखायला लागला. तेव्हा मला वाटायचं की माझाच रियाज कमी पडतोय. शेवटी एका ज्येष्ठ वादकाने माझा हात पाहिला आणि स्वतःची ६४० ची गिटार माझ्या मांडीवर ठेवली. जो ताण मी दोन वर्षं बोटांचा दोष समजत होते, तो पाच मिनिटांत गेला.

आकडे पाहा. नटापासून चौथ्या पडद्यापर्यंतचं अंतर ६६४ च्या गिटारीवर १३७ मिमी, ६५० वर १३४ आणि ६३० वर १३०. कागदावर तीन-चार मिमी काहीच वाटत नाहीत. बार धरून (एकाच बोटाने सगळ्या तारा दाबून) करंगळी ताणली की ते कळतात. हाताची वीत पूर्ण ताणून अंगठ्यापासून करंगळीपर्यंत १९–२० सेंमीच्या खाली भरत असेल, तर ६४० किंवा ६३० ची गिटार एकदा तरी हातात घेऊन बघा. आवाजात थोडं गमावाल, पण फार नाही.

मुलीला आठवं वर्ष लागलंय. मोठी गिटार घेतली तर वाढत्या अंगाला होईल ना?

शाळेच्या गणवेशाचा हिशोब इथे लावू नका. मोठ्या गिटारीवर लहान मूल उजवा खांदा वर उचलतं, डावं मनगट मोडून धरतं आणि तीच बैठक अंगवळणी पडते. सहा-सात वर्षांपर्यंत पाव किंवा अर्धी, आठ ते अकरापर्यंत अर्धी किंवा पाऊण, आणि पुढे अंगकाठी बघून पूर्ण, असा ढोबळ अंदाज धरा. पाऊण गिटारीचं स्केल साधारण ५८० मिमी असतं, पण कंपनीगणिक ते बदलतं, म्हणून दुकानात टेप घेऊन जा. लहान आकाराच्या गिटारी शिकणाऱ्यांमध्ये सहज विकल्या जातात. माझ्या वर्गातली एक अर्धी गिटार चौथ्या घरात गेली आहे.

सॉलिड टॉप आणि प्लायचा टॉप, यांत खरंच एवढा फरक असतो?

हो. पैसे एकाच गोष्टीवर घालता येणार असतील तर ते टॉपवर घाला.

तारा स्वतः फार थोडी हवा हलवतात. ब्रिजमार्फत त्या पुढची पातळ फळी हलवतात आणि आपण ऐकतो तो मुख्यतः त्या फळीचा आवाज. मिरजेच्या सतारीत तबलीचं जे काम, तेच इथे टॉपचं. तोरेसने हे सिद्ध करायला १८६२ मध्ये एक गिटार बनवली. टॉप लाकडाचा, आणि मागची-बाजूची अंगं चक्क कागदाच्या पुठ्ठ्याची. ती आज बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे.

सॉलिड टॉप म्हणजे एकाच लाकडाच्या दोन पाट्या मधोमध जोडलेल्या. प्लायच्या टॉपमध्ये तीन पातळ थर एकमेकांना चिकटवलेले असतात आणि मधल्या थराचे रेषे आडवे जातात. त्यामुळे तो मजबूत होतो, पण कंपनं अडखळतात. ओळखायची खूण साउंडहोलच्या, म्हणजे टॉपमधल्या गोल भोकाच्या, काठावर मिळते. टॉपच्या वरच्या रेषा काठावरून खाली, फळीच्या जाडीत तशाच उतरताना दिसल्या तर टॉप सॉलिड. काठावर सँडविचसारखे थर दिसले तर प्लाय. काठ काळ्या रंगाने झाकलेला असेल तर विक्रेत्याला सरळ विचारा. "स्प्रूस टॉप" एवढंच लिहिलेलं असेल तर ते प्लायही असू शकतं. "सॉलिड" हा शब्द लिहिलेला हवा.

म्हणून प्लायची गिटार टाकाऊ ठरत नाही. ती हवापाण्याला दाद देत नाही, स्वस्त असते आणि पहिल्या वर्षी मुलाच्या हातून आपटली तरी जीव कासावीस होत नाही. यामाहाची सी-४० याच जातीची, आणि माझे कितीतरी विद्यार्थी तिच्यावर शिकले.

स्प्रूस घ्यावा की सीडर?

स्प्रूस फिकट, सायीच्या रंगाचा. सीडर तांबूस-तपकिरी. हा सीडर म्हणजे उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचा वेस्टर्न रेड सीडर. आपल्या हिमालयातल्या देवदाराशी त्याचं नातं फक्त इंग्रजी नावापुरतं.

सीडर पहिल्या दिवसापासून मोकळा बोलतो. आवाज उबदार, हलक्या स्पर्शालाही उत्तर देणारा. स्प्रूसचा आवाज स्वच्छ असतो, एकाच वेळी चालणारे दोन-तीन आवाज त्यात वेगळे ऐकू येतात आणि नखाचा कोन बदलला की रंगही ठळक बदलतो. पण नवा स्प्रूस थोडा आखडलेला असतो, काही वर्षं वाजवल्यावर खुलतो. सेगोव्हियाची १९३७ ची जर्मन कारागीर हेर्मान हाउझरने बनवलेली गिटार स्प्रूसची. ती आता न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे.

माझी आवड स्प्रूस, कारण मी बाख वाजवते. पण घरी संध्याकाळी अर्धा तास बसून वाजवणाऱ्याला मी सीडर सुचवते. त्याला आनंद आजच मिळायला हवा. सीडर मऊ असतो, नखाचे ओरखडे पटकन उठतात, एवढं लक्षात असू द्या.

मागची बाजू शिसवीचीच हवी का?

ज्या शिसवीचे आपल्या जुन्या वाड्यांत पलंग आणि कपाटं दिसतात, तीच डालबर्जिया लॅटिफोलिया जगभर "इंडियन रोझवुड" म्हणून गिटारींना लागते. दक्षिणेतल्या जंगलांतलं हे लाकूड स्पेनला जातं आणि माद्रिदचा शिक्का घेऊन परत येतं, याचं मला अजून अप्रूप वाटतं. पूर्वी मान ब्राझीलच्या रोझवुडला होता, पण त्याच्या व्यापारावर १९९२ पासून साइट्स या वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार कडक बंदी आहे. बाकीच्या सगळ्या डालबर्जिया जातींवर २०१७ मध्ये परवान्याची अट आली. तयार वाद्यांना २०१९ मध्ये त्यातून सूट मिळाली, त्यामुळे आपल्या शिसवीची गिटार परदेशी नेता-आणताना आता त्या परवान्याची धावपळ नाही.

आवाजाचं म्हणाल तर शिसवी खर्जाला खोली देते, आवाजात किंचित घुमारा येतो. महोगनी हलकी आणि कोरडी, मेपल स्पष्ट. फरक असतो, पण टॉपच्या तुलनेत बराच कमी. सॉलिड टॉप आणि मागे शिसवीचा प्लाय, ही मधल्या बजेटमधली सर्वांत शहाणी जोडी. मागची बाजू प्लायची असली तर ती तडकण्याचीही भीती कमी, आणि आपल्या हवेत हे महत्त्वाचं आहे.

आतल्या पट्ट्यांबद्दल वाचलं: फॅन, लॅटिस, डबल टॉप. यात माझ्या कामाचं काय?

पहिल्या दोन गिटारींपर्यंत काहीच नाही. तरी प्रश्न मला आवडतो, म्हणून थोडं सविस्तर.

टॉप जेमतेम दोन-अडीच मिमी जाडीचा असतो. तारांच्या ओढीने तो वाकू नये म्हणून आतून बारीक पट्ट्या चिकटवतात. पट्ट्या जास्त झाल्या तर टॉप मुका होतो, कमी झाल्या तर काही वर्षांत खचतो. तोरेसने त्या पंख्यासारख्या, सहसा सात, मांडल्या. आजही बहुतेक गिटारी त्याच मांडणीच्या आहेत.

१९८० च्या दशकात ऑस्ट्रेलियाच्या ग्रेग स्मॉलमनने वेगळी वाट काढली. बाल्सा आणि कार्बन फायबरची जाळी (लॅटिस), तिच्यावर अतिशय पातळ टॉप, आणि मागची-बाजूची अंगं मात्र जड, कडक. विख्यात गिटारवादक जॉन विल्यम्सने त्या गिटारी मोठ्या सभागृहांत वाजवल्या. नंतर जर्मनीत माथियास डामान आणि गेर्नोट वाग्नर यांनी लाकडाच्या दोन पातळ थरांमध्ये नोमेक्स या कागदासारख्या कृत्रिम पदार्थाचं मधमाशीच्या पोळ्यासारखं जाळं घातलं. तो डबल टॉप. या दोन्ही जातींच्या गिटारी मोठा आवाज देतात, सहज बोलतात. पण मला जवळून ऐकताना त्यांचे सूर एकाच रंगाचे वाटतात. पंख्याच्या गिटारीत मी ब्रिजजवळ आणि साउंडहोलवर छेडून जेवढं अंतर काढू शकते, तेवढं तिथे निघत नाही. हजार माणसांपुढे विनामाइक वाजवणार असाल तर तुमचं मत वेगळं होईल.

दुकानात गिटार वाजवताना बोटं फार दुखतात. नवी असल्यामुळे?

बहुधा तारा फार उंच आहेत. मराठीतही सगळे याला अ‍ॅक्शनच म्हणतात. बाराव्या पडद्यापाशी पडद्याचा माथा आणि तारेचा तळ यांमधलं अंतर मोजा. सगळ्यात जाड सहाव्या तारेखाली ४ मिमी आणि पहिलीखाली ३ मिमी असेल तर गिटार योग्य. स्वस्त गिटारी पाच-साडेपाच मिमीवर येतात आणि बिचारं मूल "मला जमत नाही" म्हणून सोडून देतं. मी हे इतक्यांदा पाहिलं आहे की आता नवा विद्यार्थी आला की आधी मोजपट्टी काढते.

उपाय सोपा असतो. सॅडल ही ब्रिजच्या खाचेत बसवलेली पट्टी. ती बाहेर काढून खालून घासायची. बाराव्या पडद्यापाशी १ मिमी कमी हवं असेल तर सॅडलवरून २ मिमी जातात. म्हणून विकत घेतानाच बघा: सॅडल ब्रिजच्या वर किती उरली आहे? एखाद-दुसराच मिमी दिसत असेल आणि तारा तरीही उंच असतील, तर ती गिटार सोडा. तिचा नेकचा कोनच चुकला आहे.

सॅडल प्लास्टिकची असेल तर हाडाची घालून घ्या. थोडक्या पैशांत सूर नेटके होतात.

ट्रस रॉड असलेली घ्यावी का?

ट्रस रॉड म्हणजे नेकच्या आत बसवलेली, त्याचा बाक सुधारणारी धातूची सळई. पारंपरिक क्लासिकल गिटारीत तो नसतो, ताण कमी म्हणून गरजही पडत नाही. काही कंपन्या, उदाहरणार्थ कोर्डोबा, तो घालतात. आपल्या हवेत नेक ऋतूबरोबर हलतो, तेव्हा असला तर मी त्याला फायदाच समजते. नसला म्हणून चांगली गिटार नाकारू नका.

कटअवे आणि पिकअप?

कटअवे म्हणजे वरचे पडदे गाठता यावेत म्हणून अंगाला दिलेली खाच, आणि पिकअप म्हणजे आवाज स्पीकरकडे नेणारं यंत्र. क्लासिकल शिकायचं असेल तर दोन्हींची गरज नाही. त्याच किमतीत पिकअप घेतलात तर तेवढे पैसे लाकडातून वजा होतात. चर्चमध्ये किंवा बँडबरोबर वाजवणाऱ्यांची गोष्ट वेगळी. त्यांना ४८ मिमी नेकची क्रॉसओव्हर गिटारही सोयीची पडते.

आपल्या पावसाळ्या-उन्हाळ्याचं काय?

बाहेरच्या देशांतले सल्ले इथे जसेच्या तसे लागू होत नाहीत, म्हणून हे सावकाश वाचा.

गिटारीला साधारण ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. मुंबई-कोकणात जुलैमध्ये हवा ८५ च्या वर जाते. पुण्यात मार्च-एप्रिलच्या दुपारी ती २० च्या आसपास येते, आणि विदर्भातल्या मे महिन्याबद्दल बोलायलाच नको. लाकूड पाणी पिऊन फुगतं आणि सुकलं की रेषांना आडवं आक्रसतं. पावसाळ्यात टॉप वर येतो, तारा उंच होतात, आवाज बोदा होतो. हे बहुतेक वेळा दिवाळीपर्यंत आपोआप सुधारतं. उन्हाळ्यातलं नुकसान मात्र सुधारत नाही. आक्रसलेलं लाकूड तडकतं.

माझी सॉलिड शिसवीची गिटार एका एप्रिलमध्ये भिंतीवर टांगलेली होती. रात्री "टक्" असा आवाज आला. मला वाटलं पाल पडली. सकाळी मागच्या बाजूला मधल्या जोडापासून चार बोटं लांब तडा होता. आतून लाकडाच्या छोट्या चकत्या चिकटवून तो सांधला, पण हात फिरवला की अजून लागतो.

तेव्हापासून गिटार पेटीत राहते आणि पेटीत एक छोटा आर्द्रतामापक असतो. उन्हाळ्यात प्लास्टिकच्या साबणदाणीला भोकं पाडून आत ओला करून घट्ट पिळलेला स्पंज ठेवते, तारांना चिकटणार नाही अशा जागी. पावसाळ्यात सिलिका जेल, आणि ते भरलं की तापवून पुन्हा वापरायचं. दोन्ही कामं करणारी तयार पाकिटंही मिळतात, महाग पण बिनघोर. एसीच्या झोतात आणि गाडीच्या डिकीत गिटार कधीही नको. पडद्यांची टोकं कडेला बोटाला टोचायला लागली तर समजा की फिंगरबोर्ड (पडदे बसवलेली पट्टी) सुकला आहे. तडा जाण्याआधी मिळणारी ही सूचना असते.

फ्रेंच पॉलिश चांगलं म्हणतात. घ्यावं का?

हे पॉलिश म्हणजे आपली लाख, पळस-कुसुमाच्या झाडांवरची, स्पिरिटमध्ये विरघळवून बोळ्याने शेकडो वेळा चढवलेली. थर इतका पातळ की टॉप मोकळा राहतो. पण घाम आणि उष्णता त्याला सोसत नाहीत. मुंबईच्या मे महिन्यात उघड्या हाताने वाजवलंत तर कोपराखाली डाग पडतो. मधे सुती कापड ठेवायची तयारी असेल तरच घ्या. नाहीतर पातळ लॅकर बरं.

तारा कुठल्या?

नॉर्मल टेन्शन नायलॉन. हाय टेन्शन म्हणजे जास्त आवाज, हा गैरसमज आहे. हलक्या टॉपच्या गिटारी त्याने घुसमटतात. एक ते तीन नंबरच्या तारांचा आवाज मंद वाटला तर कार्बनच्या लावून बघा. त्या जास्त बारीक आणि चमकदार असतात. नव्या तारा चार-पाच दिवस सतत उतरतात, गिटार बिघडली असं समजू नका. दमट शहरात चार ते सहा नंबरच्या गुंडाळलेल्या तारा लवकर काळवंडतात. त्या तिघी तेवढ्या बदलल्या तरी चालतं.

दुकानात नेमकं काय तपासू?

आधी ट्यून करून घ्या. मग प्रत्येक तारेवर बाराव्या पडद्याचा हार्मोनिक (तार न दाबता बोट नुसतं टेकवून काढलेला सूर) आणि तिथेच दाबलेला सूर एकापाठोपाठ ऐका. ते जुळले नाहीत तर आधी नव्या तारा लावायला सांगा, तरीही नाही जुळले तर दुसरी गिटार. प्रत्येक तारेवर एकेक पडदा चढत जा. कुठे झणझणतं का, कुठे एखादा सूर अचानक बसतो का? खर्जात फा-सोलच्या आसपास एखादा सूर जरा जास्त फुगतो आणि पटकन विझतो. तो आतल्या हवेचा स्वभाव आहे, थोडा असेल तर चालवून घ्या. पहिल्या तारेवर सातव्या ते बाराव्या पडद्यांमधले सूर किती वेळ टिकतात ते मात्र कडक कानाने ऐका. स्वस्त आणि चांगल्या गिटारीतला फरक मला तिथेच सगळ्यात जास्त ऐकू येतो.

एकाच मॉडेलच्या तीन गिटारी असतील तर तिन्ही काढायला लावा. लाकूड तेच, कारखाना तोच, तरी एक वेगळी बोलते. आणि शक्य असेल तर कोणालातरी वाजवायला बसवून तुम्ही समोर आठ-दहा फुटांवर उभे राहा. वाजवणाऱ्याच्या कानाला समोरचा आवाज कळत नाही.

जुनी घेतली तर फसेन का?

ब्रिजच्या मागच्या कडेखाली कागदाचा तुकडा सरकत नसेल, नेक सरळ असेल आणि सॅडल अजून पुरेशी वर असेल तर बिनधास्त घ्या. नीट सांधलेला तडा घाबरण्यासारखा नसतो, किंमत मात्र त्याने कमी व्हायला हवी. टॉप ब्रिजपुढे खचलेला आणि मागे फुगलेला अगदी डोळ्यांना दिसत असेल तर हात जोडून परत या.

मी डावखुरा आहे.

डाव्या-उजव्याचा निर्णय पहिल्या महिन्यात घ्या. दोन्ही हातांना शिकायचं नवंच असतं, त्यामुळे बरेच डावखुरे साधी गिटारच उत्तम वाजवतात, आणि पुढे वर्गात, दुकानात, मित्राच्या घरी कुठलीही गिटार उचलता येते. उलटीच हवी असेल तर नुसत्या तारा उलटवू नका. नटाच्या खाचा आणि सॅडलचा उतार एका बाजूसाठी कापलेले असतात, त्या नव्याने करून घ्याव्या लागतील.